मुख्तारभाईंची आठ फुटी पाहुणी

मुख्तारभाईंना दुसऱ्या कुणी येडं म्हणलं तर माझं डोकं फिरतं. मी म्हणलं तर चालतं. वीस वर्षं झाली मी त्यांच्या कारखान्यात वेल्डिंग करतोय. रोज फुलंब्रीहून गाडीवर येतो, रोज त्यांच्याशी भांडतो आणि दुपारी त्यांच्याच ताटात जेवतो. तेवढा हक्क मला आहे. कारखाना म्हणजे तरी काय, गुलमंडीमागच्या बोळात एक लांबुळकी खोली. खाली आम्ही पत्रा कापतो, मागं न्हाणी आणि वर भाई अन् अजराभाभींचं घर. आम्ही कूलर बनवतो. अर्ध्या शहराला आम्हीच गार ठेवतो, असं भाई पानवाल्यापासून पाहुण्यापर्यंत सगळ्यांना सांगतात.

भाईंची आता साठी उलटली, दाढी मेंदीनं लाल केलेली, कानावर पेन्सिल. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावतात. मयतीला गेले तरी. मग हळूच विचारतात, "भिंत पश्चिमेची आहे का हो?" उन्हाची भिंत दिसली की त्यांचा जीव कासावीस होतो. माणूस असा, की होळी झाली रे झाली की पार जूनपर्यंत तो घरचा नसतो. पहाटे शटर वर, मध्यरात्री शटर खाली. पोरीचं, खुशनुमाचं, लग्न त्यांनी डिसेंबरात धरलं, काऊन तर सीझन नको. तिचं बाळंतपण मात्र मे महिन्यात आलं, त्याला कोण काय करणार. भाभी एकट्या एसटीत बसून नांदेडला तिच्या सासरी गेल्या.

तर गेल्या डिसेंबरातली गोष्ट. कामाचे दिवस नव्हते, आम्ही दोघं उन्हात शेंगा खात बसलो होतो. तेवढ्यात पुंडलिकनगरचा अम्मार नावाचा पोरगा आला. पोरगा म्हणजे कंपनीतला इंजिनिअर, भाईंच्या लांबच्या नात्यातला. म्हणाला, "चाचा, एक काचेची पेटी बनवून द्या. सहा फूट लांब, तीन फूट उंच."

"मासे ठेवायचेत का?" भाईंनी विचारलं.

"नाही. साप."

मी शेंगा खायचा थांबलो. त्यानं मोबाइल काढून फोटो दाखवला. आठ फुटांचं जनावर, माझ्या मांडीएवढं जाड, अंगावर तपकिरी नक्षी. बोआ म्हणतात म्हणे त्या जातीला. विलायती. आपला अजगर पाळला तर जेल, पण ही रीतसर सरकारी नोंद करून घेतलेली, बिनविषारी. तिचं नाव कॉफी. पोराला जर्मनीत नोकरी लागली होती आणि कॉफीला नेता येत नव्हतं. पुण्याचा एक माणूस तिला घ्यायला तयार होता, तो रविवारी येणार. पेटी हवी होती ती तिला पुण्याला पाठवायला.

मुख्तारभाई फोटोकडं बघतच राहिले. मला त्यांची ती नजर ठाऊक आहे. नव्या चकचकीत पत्र्याकडं ते असंच बघतात. म्हणाले, "पुण्याला काऊन पाठवतो? मी ठेवतो की."

मी म्हणलं, "भाई, डोकं ठिकाणावर आहे का? ताप उतरंना आन् म्हणं म्हैस घ्या."

ऐकतील तर शपथ. अम्मारला वाटलं गंमत करतायत. पण भाईंनी त्याचा हात धरला आणि गळ घातली. शेवटी असं ठरलं की कॉफी रविवारपर्यंत आमच्याकडं राहील. भाईंनी तिच्याबरोबर राहून बघायचं आणि रविवारी काय ते पक्कं सांगायचं. व्हय म्हणले तर नोंद त्यांच्या नावावर, नाय म्हणले तर ती पुण्याला. अम्मार लई वेळा म्हणाला, "चाचा, विचार करा. ही वीस वर्षं जगते."

संध्याकाळी तो तिला गोणपाटाच्या पिशवीतून घेऊन आला. मला वाटलं होतं मी पळून जाईन. पण पिशवी उघडली आणि ते एवढं मोठं अंग असं सावकाश, घाई नसल्यासारखं बाहेर आलं, की माझे पाय जागीच राहिले. जीभ बाहेर काढून तिनं हवा चाखली. भाईंनी हात पुढं केला, ती त्यांच्या मनगटावरून खांद्यावर गेली. ते लेकराला घेतात तसं तिला धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "गोकुळ, वजन बघ. पत्र्याच्या अख्ख्या शीटएवढं, आणि जिवंत." असा खूश माणूस मी खुशनुमाच्या लग्नातही बघितला नव्हता.

भाभी जिन्यावरून बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात नको."

अम्मारनं जाताना एक थैली दिली. तीत एक दिवा आणि एक रबरी चटई होती. म्हणाला, "हे लावा चाचा, आणि तापमान तेवढं सांभाळा." हे कुणाला सांगतोय तो? भाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बेटा, तापमानाचं मला नको सांगू. आख्ख्या शहराचं सांभाळतो मी." आणि थैली फळीवर फेकून दिली.

मग सुरू झालं काम. सीझनमध्येसुद्धा मी त्यांना इतकं चढलेलं बघितलं नाही. भाई म्हणाले, साप कुठं राहतो, तर केवड्याच्या बनात, चंदनाच्या झाडाला. का, तर तिथं गारवा असतो. त्यांच्या आजीनं सांगितलं होतं, माझ्याही आजीनं सांगितलं होतं, मग खोटं कशाला असेल. काच फक्त पुढं घातली. बाकी तिन्ही बाजूंना कूलरच्या जाळ्या, जाळीत साधं गवत नाही, अस्सल वाळा. वरून पाणी सोडायला बारकी मोटर, मागं छोटा पंखा. बाहेरून मोरपंखी रंग. दिव्याचं विचारलं तर म्हणाले, "उजेड पाडून लोकांना दाखवायला दिला असेल पोरानं. बिचारीच्या अंगावर झळ कशाला?" चालू केल्यावर अशी वाळ्याचा वास घेतलेली थंडगार हवा सुटली, की मी स्वेटर घातला. वीस वर्षांत आमच्या हातून एवढी देखणी वस्तू झाली नव्हती. कॉफी आत गेली, वेटोळं घातलं आणि गप पडली.

"बघ," भाई म्हणाले, "कशी गार झोपली."

दुसऱ्या दिवशी बोळात जत्रा. कापडवाले, त्यांची गिऱ्हाइकं, शाळेला दांडी मारलेली पोरं. समोर बांगड्या विकणारी चतुराबाई रोज लांबून हात जोडायची आणि मग मला शिव्या द्यायची, जसा काही मीच साप आणला. भाई काचेपुढं उभं राहून माहिती सांगायचे. निम्मी खरी, निम्मी तिथंच तयार केलेली. एकानं विचारलं, "चाचा, ही हलत काऊन नाही?" तर म्हणाले, "आराम मिळाला की कोण हलतं? तू उन्हाळ्यात आमच्या कूलरपुढं झोप, तूबी नाही हलायचा."

पण तिनं कोंबडी खाल्ली नाही. नीट साफ करून, पिसं काढून ठेवली होती. मग दुसरी पिसांसकट ठेवली, तरी नाही. भाईंनी हात लावला तर अंग ताठ, जड. त्यांनी पंखा एक पॉइंटनं वाढवला. त्यांना वाटलं, अजून गरम होतंय.

शुक्रवारी सकाळी मी आलो तर शटर अर्धवट खाली आणि भाई जमिनीवर पालथे पडून कटिंग मशीनखाली बॅटरी मारतायत. पेटीची डावी जाळी बाहेर पडलेली. कूलरची जाळी वर उचलली की निघते, ती काय सापासाठी बनवलेली असते व्हय? आठ फुटांचं जनावर गुलमंडीत मोकळं. माझी पाचावर धारण बसली.

भाई म्हणाले, "आवाज करू नको. बोळात कळलं तर संपलं."

मी आवाज केला नाही, मी फक्त बाहेर जाऊन चतुराबाईला म्हणलं की पाय वर घेऊन बस. पाच मिनिटांत शेजारची तीन दुकानं बंद झाली. चतुराबाई स्टुलावर उभी राहून सगळ्या देवांची नावं घ्यायला लागली. आम्ही पत्र्याच्या थप्प्या सरकवल्या, पाइप झटकले, मोटारींची खोकी उलटी केली. एकदा मी वेल्डिंगची केबल ओढली आणि ती कोपऱ्यातून सळसळत आली, तर मी स्वतःच्याच केबलला घाबरून बाकड्यावर चढलो. दुसरा दिवस असता तर भाई मनसोक्त हसले असते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "चेंगरली बिंगरली तर? गोकुळ, मी पोराला काय तोंड दाखवू?" आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मागच्या दारातून भाभींचा आवाज आला. "काय धुंडता? ती इथं आहे."

मागं न्हाणीत आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब पेटवलेला होता. बंबाच्या बाजूच्या तापलेल्या भिंतीला लागून कॉफी लांबच लांब पसरली होती, मस्त सैल सोडून. आणि तिच्यापासून दोन हातांवर, पाटावर, शाल गुंडाळून अजराभाभी बसल्या होत्या. कोण जाणे किती वेळ. भीती म्हणून नाही.

"थंडीनं काकडली होती बिचारी," भाभी म्हणाल्या. "पाणी तापवायला आले तर ही दारातून सरपटत आली. मी म्हणलं, ये."

"पण साप तर गारव्याला..." भाई म्हणाले.

"मला विचारायचं होतं. डिसेंबरात नवीन पंखे घरात लावून बघता तुम्ही. या घरात थंडी काय चीज आहे ते माझ्याइतकं कुणाला माहीत?"

भाईंनी तिथल्या तिथं अम्मारला फोन लावला. तो तिकडून ओरडला ते मलाही ऐकू आलं. दिवा आणि चटई ऊब द्यायला होती. तिला तीस डिग्रीच्या वर लागतं, अंग आतून तापत नाही तिचं, बाहेरून ऊब मिळाली नाही तर पोटातलं पचत नाही, मरायचीसुद्धा. मुख्तारभाईंनी फोन ठेवला आणि पेटीची मोटर उपटली, पंखा उपटला, वाळा ओढून काढला. तिन्ही बाजूंना पत्रा ठोकला, आतून थर्माकोल, कडीला कुलूप. दिवा लावला, चटई लावली. चाळीस वर्षं गार हवेत घालवलेला माणूस गरम पेटी बनवत होता आणि दर पाच मिनिटांनी आत हात घालून बघत होता, पुरेशी तापली का.

शनिवारी संध्याकाळी कॉफीनं कोंबडी घेतली. डोळ्याचं पातं लवायच्या आत घेतली. चतुराबाईसकट आख्खा बोळ काचेपुढं श्वास रोखून उभा होता. घास गळ्याखाली उतरला तशी टाळ्यांचा असा कडकडाट उठला, की मला वाटलं आपली टीम मॅच जिंकली. भाईंनी मला मिठी मारली. मी त्यांना म्हणलं, सोडा, लोक बघतायत. पण खरं सांगतो, मलाही लई आनंद झाला होता. त्या रात्री घरी गेल्यावर बायकोला मी तीच गोष्ट तीनदा सांगितली.

रविवारी अम्मार आला. पुण्याचा माणूस गाडी घेऊन दुपारी येणार होता. वर, चहाचे कप मधे ठेवून आम्ही चौघं बसलो. भाई कधी नव्हे ते इस्त्रीचा कुर्ता घालून आले होते. म्हणाले, "पक्कं. मी ठेवतो."

भाभींनी विचारलं, "उन्हाळ्यात कोण बघणार हिच्याकडं? बेचाळीसला जातो पारा. तेव्हा हिला गार करायला लागेल, पाणी बदलायला लागेल. तुम्ही तर मध्यरात्री वर येता."

हा प्रश्न भाईंनी आधीच सोडवलेला होता. छाती काढून म्हणाले, "ठरवलं मी. या सीझनपासून सहाला दुकान बंद. सहाच्या ठोक्याला मी वर. पुढचं गोकुळ बघेल, नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येईल."

मी चहा सांडला. होळीनंतर सहाला शटर? त्या माणसाच्या तोंडून?

भाभी कप गोळा करायला लागल्या, मग कप तसेच खाली ठेवले. "खुशनुमा दवाखान्यात होती तेव्हा मी फोन केला होता. दोन दिवस या म्हणलं. तुम्ही म्हणाला, मे महिन्यात दुकान बंद होत नसतं."

खाली पुण्याची गाडी आली असावी, हॉर्न वाजत होता. अम्मार मोबाइलमध्ये बघायला लागला. मी कुठं बघू ते मला कळेना. भाईंचा चेहरा पार उतरला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, बराच वेळ तिची कड चाचपली, आणि खालच्या आवाजात अम्मारला म्हणाले, "घेऊन जा बेटा तिला. माझा हक्क नाही."

अम्मार उठला. भाभी म्हणाल्या, "बस खाली तू."

मग भाईंकडं वळून म्हणाल्या, "घेऊन जा काय म्हणता? सहाला दुकान बंद करणार असं आत्ता बोललात ना, गोकुळ साक्षीला आहे. तीस वर्षं मी तोंड वाजवलं तरी शटर खाली आलं नाही, हिनं तोंड न उघडता आणलं. तुम्ही रोज सहाला घरी येणार असाल तर मी आठ फुटांची सवत सांभाळीन."

भाईंनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. भाभींनी मला सांगितलं, गोकुळ, खाली जा आणि पुण्याच्या गाडीवाल्याला म्हणावं, परत जा. मी दोन-दोन पायऱ्या उतरत गेलो.