फ्रीजमधला शेवटचा रोल

फोटोवाल्याच्या घरी फ्रीज आला तेव्हा बायकोला वाटलं, चला, आता दूध नासायचं नाही. पण बघता बघता वरचा कप्पा फिल्मच्या रोलांनी बळकावला. थंडीत ठेवली की फिल्म मुदत उलटल्यावरही टिकते, म्हणून तो त्या डब्यांना जिवापाड जपायचा. बायको पाहुण्यांना सांगायची, "बर्फ मागू नका बरं. बर्फाच्या जागी माझी सवत राहते."

एवढी जपलेली फिल्म घरच्यांवर खर्च करायची म्हटलं की त्याचा हात आखडायचा. तिने विषय काढला की म्हणायचा, "तू काय, घरातच आहेस." आता अशा माणसाला काय म्हणावं?

पुढे दुकान बंद झालं, ती फिल्मही बाजारातून गेली. फ्रीजमध्ये एकच रोल उरला, आणि बायकोने अंथरूण धरलं. हा रोल तिचाच, असं त्याने मनाशी ठरवलं. पण जरा चेहरा भरू दे, मग काढू, असं म्हणत त्याने महिने घालवले.

एका सकाळी तिला हुशारी वाटली. मुलीकडून केस विंचरून घेतले, ठेवणीतले कपडे घातले आणि ती खिडकीपाशी खुर्चीत बसली.

"काढा आता."

त्याने रोल काढून टेबलावर ठेवला. "जरा दम धर. गार डबी लगेच उघडली तर फिल्मला ओल धरते, डाग पडतात." तरुणपणी अशाच घाईत त्याने एका लग्नाचे सगळे फोटो घालवले होते.

"बाबा, मी मोबाईलवर काढते ना!" मुलगी म्हणाली.

"फोटोवाल्याची बायको आहे मी," आई हसली. "थांबते."

कधी नव्हे ती दोघं निवांत बोलत बसली. मधूनच ती डबीला बोट लावायची. "अजून गारच आहे हो." मग तिची मान कलायला लागली. "पडते जरा. झालं की हाक मारा."

डबी कोमट झाली. त्याने रोल भरला, हाक मारली. तिने ओ दिली नाही. मग दवाखाना, धावपळ, सगळं झालं. ती शुद्धीवर आलीच नाही.

भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून मुलीने कपाटं उपसली. साऱ्या गावाची लग्नं निघाली, लोकांची पोरंबाळं निघाली. आईचा फोटो मिळाला तो फक्त ओळखपत्रावरचा, नखाएवढा.

"हा कुणी काढला?" त्याने विचारलं.

"ऑफिसातल्या माणसाने, बाबा. रांगेत उभं करून काढतात तसा. मिनिटभराचं काम."

तो फोटो उजेडात धरून त्याने कितीतरी वेळ पाहिला.

"चांगला काढलाय," तो म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.