विमलताईंचं पाणी वाळवायचं चाक

पंचवटीच्या भाजीबाजारात मी मेथी निवडत होते, तेव्हा विमलताईंच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला. "मॅडम, आई गेली... सकाळी चहा घेतला आणि बसल्या जागी मान टाकली." जुडी हातात धरून मी तशीच उभी राहिले. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला आठवलं ते आमचं पहिलं भांडण.

इंदिरानगरच्या पुढच्या नव्या वस्तीत आम्ही घर बांधलं, तेव्हा तिकडे गटाराची लाइन नव्हती. खाली सगळा काळा खडक, शोषखड्ड्यात पाणी जिरायचंच नाही. शेजारच्या विमलताईंच्या मोरीतलं साबणाचं पाणी उतारानं थेट माझ्या अंगणात यायचं. मी शाळेत शिकवणारी; वर्गातला आवाज कुंपणाशी लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, पानी काय माझं ऐकतं का? पंधरा दिवस द्या."

नवरा गेल्यावर विमलताई मोटार वाइंडिंगच्या वर्कशॉपात लागल्या होत्या. तांब्याची तार गुंडाळून त्यांनी एकटीनं सुनीताला वाढवलं. त्या हातांनी आता प्लॅस्टिकचं पिंप उभं चिरलं. दोन्ही फाका आडव्या दांड्यावर वाऱ्याच्या तोंडी बसवल्या. त्याच दांड्यावर गोणपाट गुंडाळलेलं मोठं चाक, आणि चाकाखाली मोरीच्या पाण्याची टाकी. वाऱ्यानं चाक फिरायचं, गोणपाट पाण्यात बुडून वर यायचं आणि वर आल्यावर वाळायचं. इतकं साधं.

पहिल्या दिवशी मात्र वारा असा सुटला की चाक गरगरलं आणि सगळं पाणी कुंपणावरून माझ्या अंगावर! पालकसभेला निघाले होते, स्टार्चची साडी नेसून. विमलताई तोंडावर हात ठेवून उभ्या... "बाई गं, पानी तुमच्याकडंच जातंय!" आधी कोण हसलं ते आठवत नाही, पण सभेला मी दुसरी साडी नेसून, उशिरा आणि हसतच पोचले.

मग मीही त्यात शिरले. गोणपाट घट्ट शिवायला सुई-दोरा माझा, वारा वाढला की चाक आवरायला सायकलचा ब्रेक लावायची युक्ती त्यांची. उन्हाळ्यात संध्याकाळी त्या टाकीत बोटं घालून ओरडायच्या, "चार बोटं उतरलं, मॅडम! लय प्यायलं आज!" पावसाळ्यात चाक दोरीनं बांधलेलं असायचं. पाणी पुन्हा माझ्या अंगणात यायचं, पण मी काही बोलायचे नाही. पुढे गटाराची लाइन आली. तरी कपडे धुतलेलं पाणी त्यांनी चाकासाठीच ठेवलं. "त्यानं बसून काय करायचं?" म्हणायच्या.

तेराव्यानंतर सुनीता घर आवरायला लागली. "मॅडम, हे भंगारात द्यायचं का?" तिनं विचारलं. "हात लावू नकोस," मी इतक्या जोरात म्हणाले की तीच दचकली. दुसऱ्या दिवशी चौघांनी उचलून ते माझ्या अंगणात आणलं. आता माझ्या मोरीचं पाणी त्यात जातं आणि रविवारी गोणपाट मी धुते.

परवा सुनीता इगतपुरीहून आली होती. बराच वेळ चाकाकडे बघत राहिली. "आईनं मला कधी चालवू दिलं नाही," ती म्हणाली. मी ब्रेकची मूठ तिच्या हातात दिली. वारा चांगलाच वाढला होता, चाक जोरात ओढ घेत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि मूठ सोडून दिली.