आत्यानं गच्च बंद केलेला नळ

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथं आधीच लई गर्दी झालीय, त्यात माझी भर नको. हिमाचलात, मनालीहून दिवसभर जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली की नदीकाठी ते लागतं. एक बाजार, एक पेट्रोल पंप आणि तिथून वर डोंगरात जायला आलेल्या लोकांची झुंबड. प्रत्येकाच्या अंगाला कोऱ्या जाकिटाचा वास आणि तोंडी ‘पहाड़ों का सुकून’. सुकून कसला, निम्मे तर गच्चीवर चढून मोबाइलची रेंज शोधत होते.

आम्ही दोघी होतो. मी आणि साठीला आलेली माझी आत्या. आमचं मूळ घर मेंढरांमागं हिंडणारं. लहानपणी आत्या दौलताबादकडच्या माळावर मेंढरं वळायची. आता शहरात, पुंडलिकनगरात राहते आणि नळामागं हिंडते. पाणी यायच्या दिवशी ती सख्ख्या भाचीच्या लग्नालाही जात नाही. व्हॉल फिरवायला येणारा लाइनमन तिला जावयापेक्षा मोठा. त्याच पाण्यासाठी मी चौकाचौकात पत्रकं वाटते. डोंगरात जायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, “मला पण ने. नदी निघती कुठून ते बघायचंय एकदा. तिथं तरी लाइन नसंल ना?”

इतकी सुटसुटीत मागणी आमच्या एकाही पत्रकात नव्हती. मी हो म्हणाले.

आम्ही उतरलो ते घर एका जीपवाल्याचं. तो गाडी चालवायचा, बायको पाहुण्यांचं बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हाला वर, नदी बर्फाखालून निघते तिकडं नेणार होता. वाटेत एक नाला रस्त्यावरून वाहतो. ऊन चढलं की बर्फ वितळून त्याला पाणी वाढतं, मग गाडी जात नाही. म्हणून लवकर निघणं भाग.

संध्याकाळी बघतो तर अंगणातला नळ बारीक धारेनं चालू. आत्या तिथूनच ओरडली.

“ओ दीदी, ऐसा कैसा छोड दिए? पानी वाया जारा ना!”

“चलने दो, आंटीजी,” मालकीणबाई हसून आत गेल्या.

मग मी होतेच. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पाण्याची नासाडी, पर्यटनाची हाव, जनतेचा कोरडा घसा, सगळं सुनावलं. आवाज आपोआप चौकसभेचा लागला. बाई कणीक मळत “हां जी, हां जी” करत होत्या. त्यांना फारसं कळलं नसावं, कारण रागात माझी हिंदी घसरत घसरत मराठीत येते.

जेवण झाल्यावर आत्या हात धुवायला बाहेर गेली आणि नळ गच्च पिळून आली. चेहऱ्यावर काशी करून आल्याचं समाधान.

सकाळी नळातून हवासुद्धा येईना. तिथल्या थंडीत रात्रभर पाणी वाहतं राहिलं तरच पाइप गोठत नाही. म्हणून लोक नळ थोडा सोडून झोपतात. आत्याच्या पुण्यानं अख्ख्या घराचं पाणी दगड झालं होतं. जीपवाला एवढंच म्हणाला, “पहले पानी खुलेगा, फिर गाड़ी निकलेगी।”

“कसलं गं हे गाव!” आत्या हबकलीच. “सोडलं तर येतंय, बंद केलं तर मरतंय!”

बाई म्हणाल्या, पाइपाखाली जाळायला कागद द्या. त्या उघड्याबोडक्या डोंगरात लाकूड कुठलं? माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. आत्यानं निघताना त्यातच धपाटे गुंडाळले होते.

“दे की ती,” आत्या म्हणाली. “तसंबी कोण वाचतंय?”

“आत्या, आपल्या मागण्या आहेत त्यात.”

“मग पेटू दे की एकदाच्या!”

पेटवल्या. ‘पाणी आमच्या हक्काचं’ ही ओळ आधी तपकिरी झाली, मग काळी. धपाट्याच्या तेलामुळं जळतही झकास होती. गठ्ठा संपत आला तेव्हा पाइपात घरघर झाली, नळ खोकला आणि धार लागली. इतकी वर्षं वाटतेय, पण आमच्या पत्रकानं नळाला पाणी आणलं ते त्या सकाळी, तेही परक्या मुलखात.

तोवर ऊन चढलं होतं. जीपवाल्यानं मान हलवली. नाला आता गाडी पुढं सोडायचा नाही. परतीच्या गाडीआधी आमच्या हातात एकच सकाळ उरली होती. “कल ले चलूँगा,” तो म्हणाला, मग आत्याकडं बघून, “नल चलता रहा तो।”

त्या दिवशी अंधार पडताच आत्यानं कानात कापूस घातला.

“आवाज येतोय गं.”

“येऊ दे.”

“वाया चाललंय.”

“आत्या, पांघरूण घे डोक्यावरून.”

“बादली तरी लावू का?”

“लाव बाई, लाव.”

सकाळी नळ चालू होता. खाली बादली, शेजारी बाईंची पातेली, आमचा डबा, डब्याचं झाकण, सगळं काठोकाठ भरलेलं आणि वर काचेसारखा बर्फ. जीपवाला खो खो हसला आणि त्यानं चावी फिरवली.

नाला ओलांडला. गाडी थांबली तिथून पुढं दम खात खात चढलो. वर पोस्टरातला पांढराशुभ्र बर्फ वगैरे काही नव्हता. दगडमातीनं मळलेला कळकट ढीग, आणि त्याच्या खालून राखाडी पाणी भसाभसा निघत होतं. आत्यानं चारी बाजूंना नजर टाकली.

“इथं लाइनमन नाय?”

“नाय.”

“अन् व्हॉल?”

“त्योबी नाय.”

ती खाली बसली. तोंड धुतलं, परत धुतलं, कोपरापर्यंत हात धुतले. आपल्या मागं कुणाचा नंबर आहे हे बघायला एकदाही वळली नाही. मग पिशवीतून बाटली काढली, भरली आणि माझ्यावर खेकसली, “बघत काय बसलीस? तुझी दे की इकडं!”