गोधडीतलं दुसरं पातेलं

शशिकलाबाईंनी सूड घेतला तो तोंडातून शब्द न काढता. मी त्यांची शेजारीण. सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि मला गारगार वाटलं, हे लपवत नाही.

भोपाळच्या बरखेड्यात, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये त्या वीस वर्षं कुरडया करून विकतायत. नवरा, उदयभाऊ, कारखान्यातून रिटायर झालेला. आम्ही सात-आठ बायका त्यांच्या हाताखाली. गेल्या वर्षी तुलसी नगरच्या मंजूषाताई आल्या, एका सरकारी साहेबांची बायको, संस्था चालवणाऱ्या. तीन दिवस भिजलेल्या गव्हाच्या आंबूस वासानं नाकाला पदर लावून बसल्या, फोटो काढले आणि गेल्या.

पुढे त्यांच्याच संस्थेत टायपिंग करणाऱ्या ऋतुजानं आम्हाला परदेशी निधीचा अर्ज दाखवला. वाळवणाची शेड आणि गिरणी मंजूषाताईंच्या नावावर मागितलेली, का तर कुरडया त्या स्वतः करतात म्हणे! फोटोत नुसते हात. डाव्या मनगटावर वाफेनं भाजल्याचा डाग.

"वीस वर्षं मी भाजून घेतलं आणि नाव हिचं?" शशिकलाबाई म्हणाल्या. पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत.

एप्रिलात निधीचा माणूस पाहणीला यायचा होता. मंजूषाताईंचा फोन आला. "चीक तुम्हीच शिजवून आणा हं, मी फक्त साच्यातून पाडीन. बिलकुल टेन्शन नका घेऊ."

"आणते की," शशिकलाबाई म्हणाल्या. इतक्या गोड, की मलाच शंका आली.

पाहणीच्या दिवशी त्यांनी चिकाची दोन पातेली शिजवली. एक मंजूषाताईंसमोर ठेवून झाकण काढलं. दुसरं गोधडीत गुंडाळून स्वतःच्या पायाशी ठेवलं. चीक कढत असतानाच पाडायचा असतो, गार झाला की गोळा होतो. आमच्यातल्या कुणालाही हे ठाऊक आहे. मंजूषाताईंना नव्हतं. त्यांनी दीप लावला, पाहुण्याला शाल दिली, श्रीफळ दिलं आणि पाऊण तास भाषण ठोकलं. शशिकलाबाई उघड्या पातेल्याकडे बघत बसल्या.

मग मंजूषाताई साच्याला भिडल्या. दांडा हलेना. "आज हवा दमट आहे," त्या म्हणाल्या. भोपाळात, एप्रिलात.

निधीचा हा पाहुणा तोमास, स्लोव्हाकियाचा. त्याचं बोलणं ऋतुजा आम्हाला सांगत होती. त्यांच्याकडची साम्यवादी राजवट गेली, कारखाने बुडाले, तेव्हा अशाच परदेशी निधीतून त्याच्या आईला खानावळीसाठी मदत मंजूर झाली होती. ती गावातल्या जुन्या पुढाऱ्याच्या बायकोनं लाटली. तेव्हापासून तो कागद वाचून थांबत नाही, काम करायला लावतो. त्यानं अर्जातला फोटो बाहेर काढला, मंजूषाताईंचं गोरं मनगट पाहिलं आणि विचारलं, "हे हात कुणाचे?"

शशिकलाबाईंनी गोधडी सोडली. वाफ आली. बांगड्या मागे सारून त्यांनी पाच कुरडया पाडल्या, एकसारख्या, जाळीदार. डाग सगळ्यांना दिसला.

शेड आणि गिरणी आमच्या गटाला मिळाली, प्रमुख शशिकलाबाई.

महिन्याभरानं मंजूषाताई दारात. "चीक गार होतोय, एवढं सांगायचं तरी."

"अर्ज लिहिताना मला विचारलं होतंत?"

मंजूषाताईंनी चपला काढल्या. मग म्हणाल्या, मलाही गटात घ्या, लोक विचारतात हो, तुम्ही गटात कशा नाही म्हणून.

"या की," शशिकलाबाई म्हणाल्या. "आज गव्हाचा तिसरा दिवस. पाणी तुम्ही बदला."

मंजूषाताईंचा हात पदराकडे गेला. मी पटकन त्याच हातात बादली दिली.