सारंगी जुळलेली होती, मी बोलत होतो

मंडळी, दुपारपासून कोणाचाच फोन घेतला नाही. तुमचे व्हिडिओ मात्र पाहिले.

आपल्या धामणगाव बढेचे सारंगीवादक सलीमभाई आज पहिल्यांदाच गावात वाजवणार होते. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. लहानपणी खेळ सोडून ते मामूंकडे शिकायला गेले, नखांची मुळं सोलली तरी रियाज सोडला नाही, हे मी रंगवून सांगत गेलो. टाळ्या पडत गेल्या, तसतसं माझं भाषण लांबत गेलं. मग झाडून सगळ्या पुढाऱ्यांच्या हस्ते सत्कार.

एवढा वेळ सलीमभाई सारंगी जुळवून, गज हातात धरून बसले होते.

त्यांना मलकापूरहून रेल्वे पकडायची होती. जेमतेम दहा मिनिटं वाजवलं आणि उठले.

पहिल्या रांगेत त्यांच्या अम्मी होत्या. त्या कौतुक करतील म्हणून मी जवळ गेलो. त्या हळूच म्हणाल्या, "बेटा, तू सांगतलं ते तं मले सारं मालूमच हाये. मी त्याची सारंगी ऐकाले आलती."

माझं भाषण तुम्ही सगळ्यांनी पाठवलं. सारंगीचा व्हिडिओ कोणी काढला आहे का? अम्मींना नेऊन ऐकवायचा आहे.