जेरीचं पान

तोंडवलीला सासऱ्यांच्या घरी म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध होतं. एरवी शाळेमुळे मला जायला जमत नसे. त्या वर्षी म्हाळ रविवारी आला. पंगत मांडलेली, केळीच्या पानांवर वाढून झालेलं. मी शेवटचं मोकळं पान गाठलं आणि वडा काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यात बुडवून तोंडातही घातला. तेवढ्यात खीर घेऊन आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या.

“अगो बाय! जावई जेरीच्या पानार बसले!”

वडा गिळावा की काढावा, मला कळेना. दाराआड बायको पदरात तोंड खुपसून हसत होती. या घरात बारा वर्षं जावई असूनही जेरी कोण, हे मला ठाऊक नव्हतं.

शेजारच्या पानावरच्या मेव्हण्याने कानात सांगितलं. सासरे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून आलेले. दर म्हाळाला पितरांची नावं घेऊन झाली की ते शेवटचं पान एका मेलेल्या जर्मन शिपायासाठी मांडत आणि जेवणं उरकल्यावर परसात ठेवत. पितरांच्या नावाने बाहेर ठेवलेली वाडी कावळे झटक्यात उचलत. त्या पानाला मात्र कधी शिवले नव्हते. सासरे सांजपर्यंत वाट बघत आणि मग ते पान गाईला घालत.

मी उठू लागलो.

“बसलात तर बसा, मास्तरानू,” सासरे म्हणाले. “अर्ध्या पानार उठू नये.”

ओशाळलेला मास्तर गप्प जेवत नाही, तो शिकवायला लागतो. मीही लागलो. जेरी हे काही त्या माणसाचं नाव नव्हे, म्हणालो. गोऱ्या सोल्जरांनी सगळ्याच जर्मनांना ते ठेवलं होतं. कोणी म्हणतं, जर्मन या शब्दाचंच ते तोडकं रूप. कोणी म्हणतं, त्यांचा लोखंडी टोप उलटा धरला तर रात्री खाटेखाली ठेवायच्या मुताच्या भांड्यासारखा दिसे, आणि विलायतेत त्या भांड्याला जेरी म्हणत.

पंगत खो खो हसली. सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

“म्हणजे इतकी वर्सां मी तेका मुताचा भांडा म्हणान जेवूक बोलावतंय?”

“तसं नसेलही,” मी घाईने म्हणालो. “नक्की कोणालाच माहीत नाही.”

“तेणा आपला नाव सांगल्यान होता,” सासरे माझ्याकडे न बघता बोलू लागले. “तो एका गोठ्यात पडलो होतो. गोळी माझी काय दुसऱ्याची, देवाक ठावक. छातीर बोट ठेवन परत परत कायतरी सांगी. माका तेची भास कळली नाय. मी पाणी पाजलंय. ‘पी रे, जेरी,’ म्हटलंय. दुसरा नाव खंयसून आणू?”

सासऱ्यांनी हातातला घास पानात ठेवला.

“आमकाय गोरे जॉनी म्हणत. सगळ्यांक एकच. गोळी घालूक तसला नाव बरा पडता. पण जेवूक बोलवूक?”

ते उठले, हात धुतला आणि तांब्या घेऊन माझ्यासमोर आले. मी आपला हातात अर्धा वडा घेऊन बसलेला. माझ्या पानाभोवती त्यांनी पाणी फिरवलं.

“रे पावण्या,” ते म्हणाले, “तुझा नाव माका कळला नाय. रागाव नको. जेव.” आणि सासूबाईंकडे वळून, “वाढ गो. खीर वाढ.”

मी जेवलो. भोपळ्याची भाजी मला आवडत नाही, तीही खाल्ली. पान पुसून काढलं. सासरे शेवटपर्यंत समोर बसून होते. त्या दिवशी परसात जाऊन ते वाट बघत बसले नाहीत. दुपारी चक्क झोपले.

संध्याकाळी एसटीची वाट बघताना बायको माझ्याकडे वळली. म्हटलं, आता माझी खरडपट्टी निघणार.

“इतक्या वर्सांनी ता पान सपला,” ती म्हणाली. “आता दर वर्सा थंयच बसा. फकत शिकवू नकात.”