देऊळ नीट आलं होतं

कीबोर्ड घ्यायला गेलो, तेव्हा शेजारी एक आजोबा फोटो सुधारण्यासाठी कॉम्प्युटर निवडत होते. विक्रेता रॅम आणि ग्राफिक्स कार्डाचे आकडे सहस्रनामासारखे म्हणत होता.

"काका, या मॉनिटरवर शंभर कोटी रंग दिसतात!"

आजोबांनी पिशवीतून एक फोटो काढला. कळसापर्यंत देऊळ आणि कडेला एका बाईचा खांदा.

"बायको. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवाय. यात तिचा चेहरा येईल?"

"चेहरा फोटोतच नाहीये, काका."

"याहून महागातला घेतला तर?"

मला माझ्या मोबाइलमधले फोटो आठवले: किल्ले, सूर्यास्त, जेवणाची ताटं.

"मीच म्हणालो होतो तिला," आजोबा म्हणाले, "जरा बाजूला हो, देऊळ नीट येऊ दे."

देऊळ खरंच नीट आलं होतं.